उजव्या हाताची तयारी

मला भाजलंय हे मला वासावरून कळलं.

सकाळची वेळ होती. गॅसवर तवा, तव्यावर ज्वारीची भाकरी. मी रोजच्यासारखी बोटांनीच भाकरी उलटत होते, आणि काहीतरी जळाल्याचा वास आला. भाकरी बघितली तर ती चांगली होती. मग हात बघितला. मधल्या बोटाचं टोक तव्याला टेकलेलं होतं आणि तिथली कातडी पांढरी पडली होती. दुखलं मात्र काहीच नाही. हात मागं घेतला तोसुद्धा डोळ्यांनी बघितलं म्हणून घेतला.

आयुष्यभर मी दुखण्याला घाबरत आले. त्या दिवशी पहिल्यांदा न दुखण्याला घाबरले.

मी मूळची मंद्रूपकडची. लग्न करून सोलापुरात आले आणि गेली कित्येक वर्षं घरी कडक भाकरी करून विकते. परगावच्या वाचकांना सांगायला हवं, की ही भाकरी अगदी पातळ थापायची, भाजायची आणि मग मंद आचेवर वाळवत ठेवायची. कुरकुरीत झाली की महिना-महिना टिकते. पोरगं पुण्याला शिकायला निघालं, कुणी लांबच्या प्रवासाला निघालं, की आमच्याकडं आधी कडक भाकरीची चवड बांधतात, कपडे नंतर. घरात आम्ही तिघंच. मी, चादरीच्या कारखान्यात काम करणारे आमचे हे, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्या म्हणते. लेक सासरी आहे.

हे सगळं लिहितेय ते एवढ्यासाठी, की उद्या तुमच्यापैकी कुणाला "सकाळी या, संध्याकाळी घरी जा" असं ऑपरेशन सांगितलं, तर तुम्ही माझ्यासारखी तयारी करू नका.

टोचलं की सांगा

मुंग्या तर वर्षभर येत होत्या. हातातून कप सुटायचा, मिठाची चिमूट भरली की नाही ते कळायचं नाही. आत्यांनी निर्गुडीचा पाला शेकून बांधला, एरंडेल चोळलं, आणि चोळता चोळता ऐकवलं, "मी जन्मभर भाकरी थापल्या. मला कवा मुंग्या आल्या न्हाईत. तुमाला आताच्यांना सगळंच हुतंय." मी ऐकून घेतलं. आत्यांचं बोलणं असंच. बोलतील तिखट आणि ताटात तूप वाढतील.

भाजल्याच्या दुसऱ्या दिवशी हे मला हाताच्या डॉक्टरीणबाईंकडं घेऊन गेले. मॅडम वयानं माझ्यापेक्षा लहानच. त्यांनी माझा उजवा हात टेबलावर ठेवून घेतला आणि म्हणाल्या, "डोळे मिटा. बोटाला टोचलं की सांगा."

मी डोळे मिटले आणि वाट बघत बसले. बराच वेळ झाला तरी काही नाही. शेवटी मीच म्हटलं, "टोचा की मॅडम, भीत न्हाय मी."

डोळे उघडले तर मॅडम सुई खाली ठेवत होत्या. त्यांचं टोचून कधीच झालं होतं. हे समोर उभं राहून सगळं बघत होते. त्यांनी तोंड खिडकीकडं वळवलं आणि कितीतरी वेळ रस्त्यावरची वाहनं बघत राहिले.

मनगटात एक शीर दाबली गेलीय, असं मॅडमनी सांगितलं. ऑपरेशन छोटं, भूल फक्त हाताला. मी एकच विचारलं, "भाकरी थापता येईल का?"

"थापाल. पण बोटांतली जाण किती परत येईल ते मी आज सांगू शकत नाही. सगळी येईल, नाहीतर थोडीच येईल. अजून उशीर केलात तर मात्र आशा कमी होत जाईल."

घरी येताना मी मोटरसायकलवर मागं बसले होते. हात ह्यांच्या खांद्यावर होता, पण शर्ट सुती आहे की टेरिकॉटचा ते बोटांना कळत नव्हतं. मला रडायला आलं. माझ्या बोटांना पिठाचा ओलावा कळायचा, तव्याचा ताव कळायचा, लेकीचं अंग गरम आहे का ते कपाळाला हात लावून कळायचं. ते सगळं गेलं तर नुसता हात राहून काय करायचं, असं सारखं मनात येत होतं.

माझी तयारी

दवाखान्यातून सूचना मिळाल्या त्या सरळ होत्या. सकाळपासून पोटात काही नको, पाणीसुद्धा नको. नखं कापा, मेंदी नको. बांगड्या-अंगठ्या काढून या. आणि तोवर हाताला आराम द्या.

नखं कापली. मेंदी नव्हतीच. उपाशी राहायचं तर आम्हा बायकांना त्याची सवय असते. आराम तेवढा माझ्या डोक्यात शिरला नाही. टाके काढून हात धड होईपर्यंत घरात भाकरी कोण करणार, हाच घोर लागला होता. आत्यांचे गुडघे गेलेले, फार वेळ उभं राहवत नाही. ह्यांना चहा करायला सांगितला तर आधी पातेलं शोधायला लागतं. मग मी केलं काय, तर माझा हातच जणू महिनाभर परगावी निघालाय असं धरून कडक भाकरी करायला बसले. रोज सकाळी थापायची, दुपारी थापायची. आत्या शेगडीपुढं पाट घेऊन बसायच्या आणि वाळवायच्या. पांढऱ्या धोतराच्या फडक्यात चवडीवर चवड चढत गेली.

"मॅडमनी आराम करायला सांगितलाय न्हवं?" ह्यांनी एकदा विचारलं.

"मग तुमी थापताय का?"

हे गुमान बाहेर जाऊन मोटरसायकल पुसत बसले. त्या आठवड्यात मोटरसायकल जितकी पुसली गेली तितकी नवी घेतली तेव्हाही पुसली नसेल. त्यांचा घोर त्यांनी तिच्यावर काढला.

आत्यांना हे ऑपरेशन मुळीच पसंत नव्हतं. "अन्नाच्या हाताला सुरी लावायची?" एवढं एकदाच म्हणाल्या आणि मग त्यावर बोलणंच सोडलं. आमच्या घरात आत्या गप्प झाल्या की ताटवाट्यासुद्धा मोठ्यानं वाजतात. बांगड्यांचा विषय निघाला तेव्हा मात्र त्यांनी निक्षून सांगितलं, "हातात बांगड्या घालूनच घरातून निघायचं. मोकळ्या हातानं उंबरा वलांडायचा न्हाय. तितं गेल्यावर काढ काय काढायचं ते."

आत्यांपुढं बांगडीचं नाव काढायचं म्हणजे जपून. बांगडी फुटली असं त्यांच्या कानावर पडलेलं चालत नाही, वाढली म्हणायचं. मी म्हटलं, जाऊ दे, तिथं काढू. त्यात काय मोठं!

तर अशी झाली तयारी. भाकरी थापून हात सुजत चाललाय आणि बांगड्या मनगटावर घट्ट होत चालल्यात, हे दोन्ही एकाच वेळी चाललं होतं, आणि माझं लक्ष होतं चवडीकडं.

दही-साखर

त्या दिवशी सकाळी निघताना आत्या दही-साखरेची वाटी घेऊन दारात उभ्या. घरातलं माणूस कामाला निघालं की हातावर दही-साखर ठेवायची, ही त्यांची रीत कधी चुकली नाही.

"आत्या, मला काय बी खायचं न्हाय आज."

"एवड्याशा दह्यानं काय हुतंय?"

"आत्या!"

त्या वाटीकडं बघत राहिल्या. माघारी न्यायची तर अपशकुन, मला द्यायचं तर डॉक्टरांची बंदी. शेवटी ह्यांच्याकडं वळून म्हणाल्या, "आ कर. तिच्या वाटणीचं तू खा." ह्यांनी मुकाट्यानं माझ्या वाटणीचं दही खाल्लं. मग आत्यांनी पायात चपला सरकवल्या. येणार असं आधी बोलल्या नव्हत्या. रिक्षात माझ्या शेजारी बसल्या आणि पूर्ण रस्ताभर माझी पिशवी मांडीवर धरून होत्या.

हाताएवढी बांगडी

दवाखाना छोटासाच, वर खाटा आणि खाली तपासणी. सिस्टर हसतमुख होत्या. त्यांनी मला मागून बंदांनी बांधायचा हिरवा झगा दिला, दंडाला पट्टा लावून रक्तदाब बघितला आणि म्हणाल्या, "आता बांगड्या काढा, मावशी."

डाव्या हातातल्या सरासर निघाल्या. उजव्या हातातल्या हलेनात. सिस्टरनी साबण लावला. मी दात आवळून ओढून बघितलं. अंगठ्याच्या बुडाशी येऊन अडायच्या.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांनी हात उचलून बघितला. "हा एवढा सुजलाय कशानं?"

"भाकरी केल्या."

"कशासाठी?"

"ऑपरेशनची तयारी म्हणून."

मॅडमनी कपाळाला हात लावला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "अहो, तुम्हाला आराम सांगितला होता ना? आधी दुसरा पेशंट घेते. तोवर सूज उतरली आणि बांगड्या निघाल्या तर करू. नाहीतर पुढची तारीख." आणि गेल्या.

पुढची तारीख मला परवडणार नव्हती. इतके दिवस धीर एकवटून इथवर आले होते. परत घरी गेले असते तर पुन्हा आले असते की नाही, देव जाणे. आणि तिकडं ती शीर आणखी दाबत राहिली असती. सिस्टर म्हणाल्या, "काचेच्याच आहेत ना? टॉवेलात धरून फोडू का? लगेच होईल."

मला 'फोडा' म्हणायचं होतं. शिकलेली लेक असती तर तिनं कधीच म्हटलं असतं. पण दारात आत्या उभ्या होत्या आणि मी हात मागं ओढून घेतला.

आत्या आत आल्या. खाटेवर माझ्याजवळ बसल्या. सिस्टरला म्हणाल्या, "बाई, जरा थांबा. मला एक पातळ प्लास्टिकची पिशवी द्या आन तेल आसंल तर तेल." तेल नव्हतं. सिस्टरनी कसलीशी थंडगार जेली आणून दिली, आणि वर "घाई करू नका आजी, वेळ आहे" असंही म्हणाल्या. देव त्यांचं भलं करो.

आत्यांनी माझा हात वर धरला, आकाशाकडं, आणि बोटांपासून कोपराकडं हलक्या हातानं दाबत आणायला लागल्या. पुन्हा बोटांपासून. पुन्हा. माझा हात असा कुणी हातात घेतल्याला किती वर्षं झाली होती! आत्याच बोलायला लागल्या. माझ्याकडं बघत नव्हत्या, हाताकडंच बघत होत्या.

"ह्याचा बाप गेला तवा हा कडेवर हुता. बायकांनी मला आडावर नेलं. दगडावर हात आपटून बांगड्या वाढवल्या. काच आत शिरली. रगत आलं. समद्या रडत हुत्या, पर माजा हात कुणी बगितला न्हाय." मग त्यांनी स्वतःचं मनगट वळवून दाखवलं. आत पांढरा वण होता. इतक्या वर्षांत मी तो बघितला होता आणि विळीचा असेल म्हणून सोडून दिला होता.

दाराशी हे उभे होते. त्यांनीही हे पहिल्यांदाच ऐकलं असावं. ते तिथंच भिंतीला टेकून खाली बसले.

सूज थोडी बसली. आत्यांनी माझ्या हातावर बांगड्यांखालून पिशवी सरकवली, वरून जेली लावली, अंगठा तळहाताकडं दुमडून धरला आणि एक एक बांगडी सरकवायला लागल्या. "दुखलं तर सांग." मी म्हटलं, "दुखत न्हाय." त्या चिडल्या, "तेच तर सांगायलीस कवापासनं! मनगटाला दुखतं का सांग." आणि आम्ही दोघी एकदम हसलो. एक बांगडी आली. दुसरी आली. मागच्या महिन्यात पुतणीच्या लग्नात भरलेली एक लहान मापाची होती, ती तेवढी येईना. आत्यांनी पुन्हा हात वर धरला, पुन्हा दाबला. ती तिथंच.

सिस्टर डोकावून गेल्या. दुसऱ्या पेशंटचं आटपत आलं होतं.

आत्यांनी हात थांबवला. त्या बांगडीकडं बघत राहिल्या. मग मला म्हणाल्या, "हिकडं बग, माज्याकडं. हातापरीस बांगडी मोठी न्हाय. ही मी वाढवते. तुज्या नवऱ्याची आई हाय मी. मी वाढवली तर त्याला काय बी हुत न्हाय."

त्यांनी पदराची घडी करून मनगटाखाली सरकवली, वरून पदर गुंडाळला आणि चिमट्यात धरावी तशी बांगडी दोन बोटांत दाबली. टक्‌ एवढाच आवाज आला. मनगटावर ओरखडासुद्धा नव्हता. आत्यांनी फुंकर मारून काचेचा कण न कण पदरात गोळा केला, गाठ मारली आणि मग तो पदर डोळ्यांना लावता येईना म्हणून हातानंच डोळे पुसले.

मीही रडले. लाज कसली त्यात!

आतमध्ये

आतलं थोडक्यात सांगते, कारण तेवढंच आहे. सुई टोचली ती वर मनगटाशी, तिथं मला चांगली कळली. मग हात माझा राहिला नाही. मध्ये हिरवा पडदा होता. मॅडम पलीकडून विचारत होत्या, कडक भाकरीला पीठ जुनं चालतं का, आणि मी झोपल्या झोपल्या त्यांना उकड कशी घ्यायची ते सांगत होते. मध्येच भीती वाटून गप्प झाले तेव्हा सिस्टरनी कपाळावर हात ठेवला आणि काढला नाही. तुम्ही आत जाल तेव्हा घाबरलात तर सरळ बोलून दाखवा. आम्ही बायका 'न्हाय, न्हाय, ठीक हाय' म्हणत राहतो, त्यानं काही मिळत नाही.

संध्याकाळी झोळीत हात अडकवून मी रिक्षात बसले. आत्यांनी माझ्या डाव्या हातात दोन्ही हातांच्या बांगड्या भरून टाकल्या. चौकापर्यंत सगळी रिक्षा वाजत होती.

नंतरचे दिवस

कडक भाकरी उपयोगी पडल्या हे मी कबूल करते. आमटीत कुस्करून खाल्ल्या, दह्यात खाल्ल्या, शेंगाचटणी आणि तेलाबरोबर खाल्ल्या. हे काही बोलायचे नाहीत, पण एके दिवशी जबड्याला हात लावून आईला विचारत होते, "आई, मऊ भाकरी कशी आसती गं?" आत्यांनी लाटणं दाखवलं.

ह्यांनी माझी वेणी घालायला घेतली. पहिल्या दिवशी ती एका कानावर आली. कारखान्यात धाग्याला धागा जोडणारा माणूस, पण केसांपुढं घाम फुटायचा. "चादरीसारखं ओढू नका," मी ओरडायची. हळूहळू जमायला लागली. अजूनही कधी कधी मी मुद्दाम हात दुखतोय म्हणते.

टाके निघाले. हातातल्या मुंग्या गेल्या, रात्रीची झोप लागायला लागली. पण बोटांची टोकं तशीच मुकी. मॅडम म्हणायच्या, वेळ लागतो. मी मान हलवायची आणि घरी येऊन बोटं दातांखाली धरून बघायची. त्या दिवसांत माझा स्वभाव लई वाईट झाला होता. आत्यांवर खेकसले, ह्यांच्याशी अबोला धरला. आत्या रोज सकाळी खोबरेल घेऊन बसायच्या आणि माझं बोट न बोट चोळायच्या. "कळतंय?" म्हणून विचारायच्या. मी नाही म्हणायची. बरं, म्हणून त्या पुढचं बोट धरायच्या.

मॅडमनी परवानगी दिल्यावर मी पुन्हा परातीपुढं बसले. विकायच्या नव्हे, घरापुरत्या मऊ भाकरी. पहिल्या काही फाटल्या. उलटायला मी उलथनं घेत होते, कारण बोटांवर माझा भरवसा उरला नव्हता.

आणि एका सकाळी, बोलण्याच्या नादात, जुनी सवय म्हणून मी उलथनं बाजूला ठेवून बोटांनीच भाकरी उलटायला गेले.

"आई गं!"

हात आपोआप मागं आला. मी बघितला म्हणून नव्हे, त्याचा तो आला. मधलं बोट झणझणत होतं, जळत होतं. मी ते तोंडात घातलं, बाहेर काढलं, पुन्हा तोंडात घातलं, आणि हसायलाच लागले.

आत्या भिंत धरत धरत आल्या. "काय झालं गं? काय झालं?"

"भाजलं, आत्या! मला भाजलं!"

"आगं मग हसायलीस काय येड्यागत—" म्हणता म्हणता त्या थांबल्या. माझं बोट हातात घेतलं. मधलं. लाल झालेलं टोक डोळ्यांजवळ नेऊन बघितलं आणि त्यावर फुंकर मारली. ती फुंकर गार लागली. मला ती कळली.

"दुखतंय?"

"लई दुखतंय की."

"दुखू दे," आत्या म्हणाल्या. "दुखू दे, माज्या बाय." आणि फुंकर मारत राहिल्या.

तव्यावरची भाकरी तोवर करपून काळी झाली होती. आत्यांनी ती टाकू दिली नाही, झाकून ठेवली. संध्याकाळी हे कामावरून आले तेव्हा तीच ताटात वाढून म्हणाल्या, "खा. तुज्या बायकोला आज चटका बसलाय."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं, माझ्या बोटाकडं बघितलं, आणि ती भाकरी शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.